बाज उभी करायची नाही

आयुष्यात पहिल्यांदा भाड्याच्या घरात राहायला गेलो तेव्हा माझी सत्तरी उलटली होती. कर्जतकडचं घर बंद केलं आणि भिंगारात दुसऱ्या मजल्यावर खोली-स्वयंपाकघर घेतलं. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. व्यायाम करून घेणारा दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर. खालची जागाही मोकळी होती, पण तिचं भाडं झेपणारं नव्हतं.

पोरगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "लिफ्ट नाही तिथं. आईला जिन्याची भीती बसलीय. सोमवारी व्यायामाला उतरली नाही, तर मी गाडी घेऊन येतो आणि तिला इकडं नेतो."

"उतरंल," मी म्हणालो.

"पलंग तरी पाठवू का?"

"आमची बाज हाय."

बाज मी स्वतः सुंभानं विणलेली. बायकोला जमिनीवरून उठता येत नव्हतं, म्हणून बाजेशिवाय भागणार नव्हतं. शुक्रवारी टेम्पोतून बाज आली, बायकोही आली. तिला उसन्या खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं. बाज मात्र दारात अडली. दार अरुंद, बाज रुंद.

घरमालक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सभ्य माणूस. म्हणाले, "बाबा, उभी करा. एका मिनिटात आत जाईल."

मी म्हणालो, "घरात आजारी माणूस असताना बाज उभी करीत न्हाईत."

"का?"

"मयत झाल्यावर करतात."

मी म्हणालो, चौकट काढू, मला गवंडीकाम येतं, परत बसवून देतो. त्यांनी चौकटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि पाण्याची मोटर बंद करायची आहे म्हणून खाली निघून गेले. विणकाम उसवून बाज सुटी करावी, तर पुन्हा ताणून विणायला आठवडा. तेवढे दिवस तिला ठेवायचं कुठं?

तेव्हा बाज राहिली दाराबाहेर, जिन्याच्या चौकात. बायको तिच्यावर. मी उंबऱ्यात आडवा, डोकं घरात नि पाय तिच्याकडं.

आता घर सर्वांत वरचं, म्हणजे गच्चीचा रस्ता तिथूनच. टाकीत पाणी किती हे मालक रोज सकाळी बघत. शनिवारी ते आले, बाजेच्या दांड्यावर टकटक केलं, "वहिनी, येऊ का?" म्हणाले आणि बाजेखालून रांगत पलीकडं गेले. परतताना पुन्हा टकटक, पुन्हा रांगणं. बायकोनं पदर सावरला, तेवढंच. समोरच्या बाई दवाखान्यात नर्स. त्या वाळत घालायच्या कपड्यांची बादली बायकोच्या पायथ्याशी ठेवून दम खात. पार्सलवाला आला तर त्यानं विचारलं, "इथं दवाखाना आहे का?"

"घर हाय," मी म्हणालो.

"मग आत कोण राहतं?"



रविवारी सकाळी मालक रांगताना मध्येच अडकले. सदरा सुंभात गुंतला होता. वर बायको, खाली मालक, आणि मी सदरा सोडवतोय. खालून ते म्हणाले, "बाबा, मी शांत माणूस आहे. पण संध्याकाळपर्यंत एक तर बाज आत जाईल, नाहीतर तुम्ही..."

"बाज उभी व्हनार न्हाई," मी म्हणालो.

बायको इतका वेळ छताकडं बघत पडली होती. ती उठून बसली.

"अहो, आजारी माणूस घरात असताना उभी करायची न्हाई, असंच ना?"

"व्हय."

"मग मी घरात न्हाई." तिनं वॉकर ओढला. "मी जाते खाली फाटकापाशी. तोवर करा काय करायचं ते."

मी म्हणालो, असा पळवाटीचा धर्म नसतो. ती म्हणाली, "धर्म तुमाला कुठं ठावं हाय, बाज तेवढी ठावं हाय." मालक बाजेखालून हसले.

तिनं कठडा धरला, वॉकर माझ्या हातात कोंबला आणि पहिल्या पायरीवर थांबली. ऑपरेशन झाल्यापासून ती एकही पायरी उतरली नव्हती. समोरच्या बाई दारातून म्हणाल्या, "मावशी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी."

तो पाय आधी गेला. मी तिच्यापुढं, उलटा, एकेक पायरी खाली. तळाशी पोचलो तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि वरून बाज घासल्याचा आवाज आला. मालकांनी आणि नर्सबाईंनी ती उभी करून आत घातली होती. मी बघितली नाही, म्हणून माझ्या लेखी ती उभी झालेली नाही.

फाटकापाशी घटकाभर बसून ती वर चढली. या खेपेला चांगला पाय आधी. वेळ लई लागला. आत येऊन बाजेवर बसली आणि माझा मोबाईल मागितला.

"सोमवारी ये," ती पोराला म्हणाली, "पण मला न्यायला नको. मी आज जिना उतरले नि चढलेसुदिक." मग माझ्याकडं बघत म्हणाली, "येताना एक खुर्ची आण. तुझ्या बापाला बसायला काई न्हाई."

मी आणू नको म्हणणार होतो. तिनं मोबाईल दिलाच नाही.