उकंडरावाचा पळस

वसमतच्या बाजारात उकंडराव मापाड्यानं तोललेला कापूस कुणी दुसऱ्यांदा काट्यावर चढवत नसे. माणूस सरळ, बोलणं मोजकं, हात राकट. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यानं गरज नसताना एकच गोष्ट केली. तो चित्रं काढायला शिकायला गेला.

त्याचं झालं असं. नासेरमियाँ रंगारी बाजारातल्या एका दुकानाची पाटी रंगवत होते. उभी हयात त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात घालवली होती. डोळे अधू झाले तसे ते गावी परतले आणि पाट्यांवर आले. पाटीच्या कोपऱ्यात त्यांनी एक मोर काढला. उकंडराव काम सोडून तासभर तो मोर बघत उभा राहिला. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, "मियाँ, हे मला येईल का?"

"आएगा या नहीं, मालूम नहीं," नासेरमियाँ म्हणाले. "मजा जरूर आएगा."

त्या फाल्गुनापासून दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारची नमाज झाली की मियाँच्या अंगणात शिकवणी भरू लागली. उकंडराव, शाळेतले व्यंकटराव मास्तर, दगडोबा शिंपी, आणि आडोशाला बसून रंग घोटणारी मियाँची लेक जुलेखा. गेरू, नीळ, खडू, काजळी आणि बाभळीचा डिंक, एवढ्यावर सगळं चालायचं. दगडोबाची रेघ सरळ यायची. मास्तरांना पाणी छान जमायचं. उकंडरावाला काहीच जमायचं नाही. शेजारच्या हट्टा गावाच्या वाटेवर एक पळस होता. तो फुलला की सगळं रान पेटल्यासारखं दिसायचं. तेवढाच काढायचं त्याच्या मनात होतं. आठ महिने तो एक पळसच काढत राहिला.

घरी पारुबाई वैतागायची. "अवो, काहून जातावं तिथं? पोरं हसून राहिलीत गावातली."

"मजा येते," उकंडराव म्हणायचा. याहून जास्त त्यालाही सांगता यायचं नाही. त्यानं आणलेले कागद ती हळदीच्या मडक्यांवर झाकायला बांधायची.

कार्तिकात हट्ट्याच्या हौशी मंडळींनी नाटकासाठी पडदा मागितला. नदीचा घाट, घाटावर देऊळ, मागं रान. मियाँनी काम वाटून दिलं. पायऱ्या दगडोबाला, पाणी मास्तरांना. उकंडरावाला कोपऱ्यात एक वीतभर झाड दिलं. पण कुंचला हातात आला की उकंडरावाला आवरायचं नाही. त्याचा पळस वाढत वाढत देवळाच्या कळसाला जाऊन भिडला. खाली काडीसारखं बारीक खोड, वर भगव्या-तांबड्या रंगाचा मोठा तिकोनी फराटा.

ते साल एकोणीसशे अडतीस होतं. निजामाच्या राज्यात परवानगीशिवाय चार माणसांनी एका जागी बसायचीही भीती होती. त्याच्याविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला होता, भगवे झेंडे निघत होते, रोज कुठून ना कुठून पकडापकडीच्या बातम्या येत होत्या. मास्तरांचा सख्खा पुतण्या त्यातच तुरुंगात गेला होता. ओला पडदा धुळीनं खराब होऊ नये म्हणून त्या शुक्रवारी अंगणाचं दार लावून घेतलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला तेवढंच दिसलं, दर आठवड्याला जमणारी माणसं आणि बंद दार.

दारावर काठी वाजली. जुलेखा रंगाची वाटी टाकून आत पळाली. जमादार आणि दोन शिपाई अंगणात आले. जमादार पडद्यासमोर उभा राहिला आणि त्याची नजर सरळ कोपऱ्यात गेली. देवळाच्या कळसाला लागून, काठीवर, भगवं.

"गुंडाळा हे," तो शिपायांना म्हणाला. "आणि तुमी चौघं चला."

ठाण्यात अमीनसाहेब, म्हणजे तिथले फौजदार, लिहीत बसले होते. पडदा फरशीवर पसरला तेव्हा घड्या एकमेकींना लागून ओला रंग पुसला गेला होता. पुसला नव्हता तो फक्त पळस. अमीनसाहेबांनी छडीचं टोक त्यावर टेकवलं.

"यह झंडा किसका है?"

उकंडरावानं छडीच्या टोकाकडं बघितलं. त्याला पहिल्यांदाच आपलं चित्र दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसलं, आणि तो खरोखरच झेंडा होता.

"साहेब, झेंडा न्हाई," तो म्हणाला. "पळस हाय. झाड. फुललेलं."

शिपाई हसले. अमीनसाहेब हसले नाहीत. त्यांनी एकेकाला वेगळं बसवायला सांगितलं. नासेरमियाँना पलीकडच्या खोलीत नेलं. त्यांचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू येत राहिला. दगडोबा कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसला. मास्तर ताठ बसले होते. पुतण्याचं नाव इथं निघालं की आपलं काय होणार, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

जमादार उकंडरावाच्या बाजूला येऊन बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "मापाडी, तुला बाजार वळखतो. तू कशाला यात पडतो? मास्तरनं काढायला लावलं, एवढं सांग. आताच्या आता घरी जाशील."

उकंडरावानं मास्तरांकडं बघितलं. मास्तरांना ऐकू गेलं होतं. त्यांनी मान खाली घातली. त्यांनी काही विनवलं असतं तर उकंडरावाला एक वेळ राग आला असता. उकंडरावाच्या डोळ्यांपुढं पारुबाई आली, घर आलं. एक वाक्य तर बोलायचं होतं.

"काढलं मी," तो म्हणाला. "मास्तरनं पाणी काढलं. मला कुणी काई काढायला लावलं न्हाई."

जमादार उठून गेला. थोड्या वेळानं अमीनसाहेबांनी उकंडरावाला पुढं बोलावलं. एक कोरा कागद आणि तांबडी-निळी पेन्सिल त्याच्यापुढं सरकवली.

"पलास है ना? तो बनाओ. मेरे सामने."

उकंडराव फरशीवर बसला. शंभर वेळा काढलेलं झाड होतं ते. आज एकदा, फक्त एकदा, नीट यावं. त्यानं मनात मियाँचं सगळं सांगणं घोकलं. फांद्या आधी, फुलं मागून. पण पेन्सिल दाबली की टोक घसरत होतं. खोड काढलं ते काडीसारखं आलं. घाईघाईनं त्यानं वर तांबडं भरलं, एका बाजूला जास्त भरलं गेलं, ते सावरायला दुसरीकडं ओढलं, आणि तिकोन तयार झाला. त्यानं हात उचलला. कागदावर पुन्हा झेंडा होता, पडद्यावरच्यापेक्षाही स्पष्ट.

"हाथ बैठा हुआ है," अमीनसाहेब शांतपणे म्हणाले, आणि त्यांनी लिहायला कागद पुढं ओढला.

आता उकंडराव एकटा तुरुंगात जाणार नव्हता, तिघांना घेऊन जाणार होता.

त्याच वेळी दाराशी गलका झाला. शिपाई कुणाला तरी अडवत होता आणि एक ओळखीचा चढा आवाज त्याला जुमानत नव्हता. "हात लावायचा न्हाई! मी मापाड्याची बायको हाय!" पारुबाई आत आली. तिच्यामागं बुरखा घेतलेली जुलेखा होती. पारुबाईच्या पदरात कागदांचा गठ्ठा होता. पिवळे, चुरगाळलेले, सुतळीचे वळ उठलेले. नुसत्या हळदीचा वास सुटला होता.

"ही पोरगी पळत आली, म्हणली, काकी, काकानं आणलेले कागद काढा," पारुबाई धापा टाकत म्हणाली. "मडकी उघडी टाकून आले साहेब. बघा, आठ म्हयन्यांपासून हेच करून राहिलं हे माणूस. याला दुसरं काई येतच न्हाई."

तिनं पदर झटकला. फरशीवर पळसच पळस पडले. बुटके, तिरके, एकावर पोपट, एकाखाली गाय वाटेल असं काहीतरी. अमीनसाहेबांनी छडीनं ते मागंपुढं केले. मग बुरख्याआडून जुलेखा हळू आवाजात बोलली, "साहब, नीचे देखिए. अब्बा हर कागज पर लिखते हैं."

प्रत्येक कागदाच्या तळाशी मियाँच्या हातचं बारीक उर्दू होतं. उकंडरावाला ते कधीच वाचता आलं नव्हतं. मियाँ तोंडानं सांगायचे तेवढंच त्याला कळायचं. अमीनसाहेबांनी एक कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. वाचला. दुसरा उचलला. तिसरा मोठ्यानं वाचला:

"तना मोटा करो. पेड़ है भाई, झंडे की लकड़ी नहीं."

उकंडरावानं आपल्या कागदावरच्या काडीसारख्या खोडाकडं बघितलं. अमीनसाहेबांनी त्या ओळीखालची तारीख बघितली. वैशाखातली होती, सत्याग्रहाचं नावही निघालं नव्हतं तेव्हाची. त्यांनी पुढचा कागद वाचला. "चौथी बार कहता हूँ, तना मोटा." त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसू होतं की नाही, हे उकंडरावाला पुढं कधीच ठरवता आलं नाही.

"बूढ़े को बुलाओ," ते म्हणाले.

नासेरमियाँना आणलं. त्यांना सगळ्यांसमोर दुसरं काहीच विचारलं नाही. फक्त एवढं, की हा माणूस कधी शिकेल असं वाटतं का? मियाँनी आपल्या शिष्याकडं बघितलं. त्यांना खोटं बोलता येत नसे.

"नहीं हुजूर," ते म्हणाले. "मगर हर जुम्मे को आता है."

सांजेच्या नमाजेआधी चौघांना सोडलं. अट एकच होती, लेखी परवानगीशिवाय पुन्हा जमायचं नाही. पडदा ठाण्यातच राहिला.

बाहेर आल्यावर मास्तरांनी उकंडरावाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. महिन्याभरात त्यांची बदली लांबच्या गावी झाली. दगडोबा मियाँच्या गल्लीतून जायचंही टाळू लागला, आणि त्यासाठी त्याला कुणी बोल लावला नाही.

परवानगीच्या अर्जासाठी उकंडराव पाच महिने कचेरीत खेटे घालत होता. जमण्याचं कारण काय, असं कारकून दर वेळी विचारायचा. शौक, असं तो दर वेळी सांगायचा. कारकुनाला ते लिहिण्याजोगं कारण वाटायचं नाही. शेवटी चैत्रात कागद मिळाला. दार उघडं ठेवायचं, या अटीवर.

त्या पहिल्या शुक्रवारी अंगणात मियाँ, जुलेखा आणि उकंडराव तिघंच होते. उघड्या दाराशी रिकामटेकडी माणसं उभी राहून बघत होती. एक शिपाई रस्त्यावरून दोनदा गेला. उकंडरावानं कुंचला हातात घेतला.

"काका, आज काय काढता?" जुलेखानं विचारलं.

त्यानं एकदा उघड्या दाराकडं बघितलं.

"म्हैस काढतो," तो म्हणाला. "म्हशीला कुणी काई म्हणणार न्हाई."

आणि त्यानं काजळीत कुंचला बुडवला.