आधी खोड, मग मोल

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात खोटं बोलणं हा गुन्हा नाही, तो धंदा आहे. मी तिथं कासरे, म्होरक्या, वेसणी विकतो. बत्तीस वर्षं एकाच लिंबाखाली पथारी टाकून बसलोय, त्यामुळे कोण काय बोलून कोणतं जनावर कुणाच्या गळ्यात मारतं, ते सगळं आपसूक कानावर येतं. कानशी फिरवून म्हाताऱ्या म्हशीचे दात जवान करणारे पाहिलेत. दोन वेळा धार न काढता कास तट्ट फुगवून आणणारे पाहिलेत. सुरुवातीला संताप यायचा, मग नुसती किळस उरली, आणि खरं सांगायचं तर पुढं तीही अंगवळणी पडली.

या सगळ्या लबाडांत एकच माणूस वेगळा, अजिनाथ. चार एकर जिराईत आणि बाजारातली दलाली, एवढ्यावर त्याचं घर चालतं. गिऱ्हाईक आलं की बाकीचे दलाल लगेच उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव करायला लागतात. अजिनाथ तसं करत नाही. तो आधी जनावराच्या मालकाला सगळ्यांदेखत विचारतो, "हिची खोड काय?" मालक सांगतो, लाथाळ आहे, पान्हा चोरते, एक सड बंद आहे. मगच उपरणं पसरायचं. आणि मालक जर म्हणाला, "हिला खोडच न्हाई," तर अजिनाथ एक शब्द न बोलता उठतो, धोतराची माती झटकतो आणि चालायला लागतो. तो उठला की सौदा मेला. गिऱ्हाईकसुद्धा मग तिथं थांबत नाही, हे साऱ्या बाजाराला ठाऊक आहे.

"खोड नसलेलं जनावर देवानं अजून केलं न्हाई, गोरक्षा," तो मला म्हणायचा. "मालक न्हाई म्हनतो, म्हंजी लई मोठी हाय."

असल्या पद्धतीनं माडी बांधून होत नाही. त्याच्या हाताखाली शिकलेल्या पोरांनी बंगले बांधले आणि हा अजून पत्र्याच्या घरात. मी त्याला यावरून पुष्कळ चिडवलंय. पण माझ्या पथारीवरून तो जेव्हा कासरा उचलायचा, तेव्हा न बघता उचलायचा. किती वाव लांब, सूत की नायलॉन, काही विचारायचा नाही. 'गोरक्षाकडचा हाय' एवढंच गिऱ्हाइकाला सांगायचा. मला त्याचा अभिमान होता, तो मी कधी बोलून दाखवला नाही.

त्याची एकुलती एक मुलगी ज्ञानेश्वरी. पुण्यात राहून फिल्म एडिटिंग शिकली, तिथंच शाळेच्या धड्यांचे व्हिडिओ बनवणाऱ्या एका ऑफिसात लागली. टाळेबंदीत घरी आली आणि त्याच महिन्यात तिच्या आईला, पुष्पावती वहिनींना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं. खाटेवरून उठवायचं, मोरीत न्यायचं, परत आणायचं, भरवायचं, सगळं पोरीवर. ऑफिसवाले तसे बरे. घरून काम कर म्हणाले, पण स्वतःचा डेस्कटॉप पाहिजे आणि तोही ऑफिसात आहेत त्याच कंपनीचा. दिवाळीपर्यंत ऑफिसचा लॅपटॉप वापर, मग परत दे. म्हणजे मशीन आलं तर पोर आईजवळ बसून नोकरी करणार. नाही आलं तर आई किंवा नोकरी, दोन्हींतलं एक.

अजिनाथनं तिच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे बँकेतून काढले आणि मला म्हणाला, "तू शहरातल्या व्यापाऱ्यांशी बोलतोस. तू चल." मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो.

नगरला सावेडीत ते दुकान. (आता जिल्ह्याचं नाव बदललंय, पण एसटीत बसताना आमच्या तोंडून नगरच निघतं.) काचेचा दरवाजा, आत गारठा, भिंतीवर एक डाग नाही. मालक रविराज, तिशीचा, मास्क हनुवटीवर, दात सगळे दिसतील असा हसणारा. त्यानं टेबलावर एक चपटा डबा ठेवला, जेवणाच्या डब्याएवढा, आणि सोबत पडदा. मी म्हटलं, एवढासा? किंमत ऐकून तर मला तेवढ्यात येणाऱ्या मुऱ्हा म्हशी दिसायला लागल्या.

ज्ञानेश्वरीनं पहिलाच प्रश्न विचारला. "यात जुना प्रोसेसर आहे ना? कंपनी आता स्वतःचा बनवणार म्हणून जाहीर झालंय. वर्षाअखेरच्या आत नवीन मशीन येणार आहेत, बहुतेक दिवाळीलाच."

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, हे तिनं आम्हाला एसटीत समजावलं होतं. ही कंपनी इतकी वर्षं दुसऱ्याकडून मेंदू विकत घेऊन आपल्या डब्यात घालायची, आता स्वतःचा घालणार होती.

रविराज तिच्याकडे न बघता आमच्याकडे बघून बोलला. "काका, पूर्ण बदल व्हायला दोन वर्षं लागणार, कंपनीनंच सांगितलंय. आणि पहिली खेप म्हणजे कशी निघेल कुणाला माहीत? हे मॉडेल पारखलेलं आहे. तुमच्यासाठी पंचवीस हजार कमी करतो."

आणि इथं मी माती खाल्ली. आमच्याकडं पोरगं चालायला लागलं की त्याला शिकवतात, दुधाची म्हैस घ्यायची तर पहिलारू घेऊ नको. तिचं दूध कुणी मोजलेलं नसतं, स्वभाव कुणाला ठाऊक नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची घ्यावी. मला रविराजचं बोलणं तंतोतंत पटलं. एवढंच नाही, या पोरीला बाजार कळत नाही असंही वाटलं.

"काका, तीन-चार आठवडे थांबू," ती म्हणाली. "हे जनावर न्हाई."

"पोरी, माल तो माल. पयलारू कुनी घेतं का?" मी हसलो, रविराज हसला. अजिनाथ हसला नाही. तो डब्याकडे बघत होता. मग त्यानं आपला प्रश्न विचारला.

"याची खोड काय असंल ती आधी सांग."

"खोड?" रविराजचे सगळे दात दिसले. "काका, याला खोडच नाही."

अजिनाथ उठला. धोतराला हात गेला, झटकायला. आणि मी त्याची बाही धरून त्याला खाली ओढला. "बस की. हा म्हशींचा बाजार न्हाई. काय आबरू घालवतो?"

तो बसला. त्या गारठ्यात, काचेपुढं, खुर्चीच्या टोकावर. ज्ञानेश्वरीनं माझ्याकडे एकदा बघितलं. पैसे दिले, डबा घेतला. निघताना रविराजनं मला कंपनीचं चिन्ह असलेली एक काळी पिशवी भेट दिली. मी ती घेतली. बाजारात जो दलाल दोन्ही बाजूंनी खातो त्याला काय म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे, तरी घेतली, आणि गावात खांद्याला अडकवून मिरवली.

तीन आठवडे झाले नाहीत. दिवाळीच्या तोंडावर नवा मेंदू घातलेलं मशीन जाहीर झालं. तोच चपटा डबा, तेवढाच आकार, आमच्यापेक्षा स्वस्त. पुण्याच्या ऑफिसनं तिथं बसणाऱ्या सगळ्यांसाठी तीच घेतली. तिथं जो धडा पंधरा मिनिटांत तयार होऊन बाहेर पडायचा, त्याला ज्ञानेश्वरीच्या डब्यात सव्वा तास लागायचा. डबा तापायचा, पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंघावायचा आणि खाटेवरून वहिनी वाकड्या तोंडानं विचारायच्या, काय झालं गं? रोज चार धडे द्यायचे ठरलेले, तिचे दोन व्हायचे. तिथले साहेब ओरडले नाहीत. संक्रांतीपर्यंत नवं मशीन घे, एवढंच म्हणाले, नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल.

आम्ही नगरला गेलो. डबा त्याच्याच खोक्यात घालून नेला.

"उघडलेला माल परत नाही, काका."

"आमच्या बाजारात खोड झाकली तर पुढल्या शुक्रवारी जनावर परत घ्यावं लागतं," अजिनाथ म्हणाला.

"हा तुमचा बाजार नाही." माझंच वाक्य त्यानं माझ्यासमोर ठेवलं. मग जरा खालच्या आवाजात, जसं काही आपण सगळे एकाच धंद्यातले, "खरं सांगू का? नवीन यायच्या आत जुना स्टॉक काढायचा होता. सगळेच काढतात. अर्ध्या किमतीत घेतो परत, बोला."

त्याला लाज वाटली असती तर मी कदाचित भांडलो असतो. तो लाजला नाही, घाबरला नाही, त्यानं आम्हाला पाणीसुद्धा विचारलं. म्हशीचे दात कानशीनं घासणाऱ्या बाजारातल्या हेड्याच्या हाताला निदान शेण लागलेलं असतं. या माणसाच्या नखात कण नव्हता. अजिनाथनं खोकं उचललं. रस्त्यावर येऊन मी थुंकलो, तरी तोंडाची चव जाईना.

मग मीच गिऱ्हाईक शोधलं. कोल्हारचा हर्षल, लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणारा. त्याचा बाप आमच्या बाजाराला म्हशी आणायचा. हर्षलला कंपनीचं नाव पाहिजे होतं, मेंदू नवा की जुना हे त्याच्या गावीही नव्हतं. जवळजवळ पूर्ण किंमत द्यायला तयार झाला. तेवढे आले की नवं मशीन येत होतं, संक्रांतीला आठ दिवस होते. मी अजिनाथला अंगणातच बजावलं, "आज तोंड उघडू नको. पोरीच्या पोटाचा प्रश्न हाय."

हर्षल आला, खाटेशेजारी जमिनीवर बसला, डबा फिरवून फिरवून पाहिला. खिशातून नोटांचं पुडकं काढून मांडीवर ठेवलं. आणि बाजारात वाढलेलं पोरगं ते, हसत हसत अजिनाथला म्हणालं, "आप्पा, आता तुमचाच सवाल तुमाला. याची खोड काय?"

अजिनाथनं ज्ञानेश्वरीकडे बघितलं. ती खाली बघत होती. त्यानं खाटेवरच्या बायकोकडे बघितलं. चाळीस वर्षांत त्याला उत्तर द्यायची वेळ पहिल्यांदा आली होती.

"खोड कसली?" मी म्हणालो. "डबा घेऊन तीन म्हैनं न्हाई झालं. याला खोडच न्हाई."

अजिनाथ उठला. सारवलेल्या स्वच्छ जमिनीवर बसलेला माणूस, धोतराला मातीचा कण नव्हता, तरी त्यानं धोतर झटकलं. माझा हात त्याच्या बाहीकडे गेला होता. पण बाही हातात आली नाही. अजिनाथ स्वतःच्या घरातून, स्वतःच्या सौद्यातून उठून बाहेर गेला.

हर्षलनं दाराकडे पाहिलं. पुडकं खिशात गेलं. "ताई, काय हाय याला?"

ज्ञानेश्वरीनं सगळं सांगितलं. मेंदू जुना, तापतो, आवाज करतो, नव्यापेक्षा कितीतरी संथ, आणि किंमत कंपनीनंच पाडलेली. वस्तीवरच्या कुत्र्याबद्दल सांगावं तसं तिनं सरळ आवाजात सांगितलं. हर्षल चहा पिऊन गेला.

मी अंगणात जाऊन अजिनाथवर बरसलो. "झाली हौस? तुझ्या तत्त्वापायी पोरीची नोकरी घालवलीस!"

तो लिंबाला टेकून उभा होता. आवाज न चढवता म्हणाला, "नगरात मी उठलो हुतो, गोरक्षा. तू बसवलंस."

संक्रांत गेली, नोकरीही गेली. पुढं हर्षलच तिला लग्नांचं काम आणून द्यायला लागला. अजून ती तेच करते, त्याच तापणाऱ्या डब्यावर. धडे बनवणारी पोर आता नवरदेवाच्या मामाचं जिलेबी खाणं कापते आणि जोडते. आई शेजारी आहे, एवढंच काय ते. रविराजचं दुकान मोठं झालंय. ती काळी पिशवी मी जाळली नाही, फेकली नाही. ती घरात खुंटीला आहे, आणि तिच्याकडे नजर गेली की मला माझाच वीट येतो.

अजिनाथनं माझ्याशी बोलणं सोडलं नाही. दर शुक्रवारी येतो, पथारीशी थांबतो, चहा घेतो, पाऊसपाण्याचं बोलतो. कासरा अजून माझ्याकडूनच घेतो. पण आता उचलताना थांबतो. गिऱ्हाईक बाजूला उभं असतं. तो कासऱ्याचा पीळ बोटांनी उलगडून बघतो, आणि सगळ्यांदेखत मला विचारतो, "याची खोड काय?"