कोरडा क्लच

आता माझ्याच तोंडाने काय सांगू तुम्हाला! परतवाड्यात आजही कोणी मला ‘मेकॅनिक’ म्हटलं, की मी आधी त्याचं तोंड बघतो. हसत असेल तर समजायचं, याला रेसच्या गाडीचा किस्सा माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही? मग चहा सांगा. दुसऱ्याकडून ऐकाल तर तो तिखटमीठ लावेल. मी मीठ लावत नाही.

अंजनगाव रोडवर आमचं टिनाचं दुकान होतं. अर्धं माझं, अर्धं इस्माईलभाईचं. मी फवारणीचे पंप आणि ऑइल इंजिनं दुरुस्त करायचो, तो त्याच्या लेथ मशीनवर लागतील ते भाग घडवायचा. एकोणीस वर्षं एका छपराखाली काढली. चहा एकत्र, डबा एकत्र. भांडणं तर रोजचीच, पण तीही चहा येईपर्यंतच.

मग ती कपाशीची वाईट वर्षं आली. शेतात फवारायलाच काही राहिलं नाही तर पंप कोण दुरुस्त करतो? दुरुस्त झालेले पंप आमच्या भिंतीला लटकून राहिले, न्यायला माणूस येईना. टीव्हीवाले यायचे, वाळलेल्या शेताचे फोटो काढून जायचे. दुकानात माश्या मारणाऱ्या पंपवाल्याचा फोटो कोण काढतो? मला तेव्हा फार राग यायचा. कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. पुढे कळलं, आणि तिथेच घोळ झाला.

इस्माईलभाईचा जावई सुरतेला. तो सारखा बोलवायचा, इकडे या, इथे लेथवाल्याला काम आहे. एक दिवस इस्माईलभाई म्हणाला, “वसंता, आता जा लागते बाप्पा. इथं काय ठेवलं?”

हा गेला तर दुकानात मी आणि भिंतीवरचे पंप!

त्याच आठवड्यात अकोल्याला एक काम निघालं. पातूर रोडला एका शेठने मोठ्या हौसेने छोट्या रेसच्या गाड्यांचा ट्रॅक काढला होता, तो बंद पडला. तिथल्या पाण्याच्या मोटारी काढायला मी गेलो. कोपऱ्यात एक गाडी पडलेली. जमिनीपासून वीतभर उंच, ना दार, ना छप्पर, ना गिअर. नळ्यांचा सांगाडा, एक सीट आणि बाजूला इंजिन. शेठ म्हणाला, “घेऊन जा हेही. जागा अडवते.”

टेम्पोतून ती उतरवली तेव्हा इस्माईलभाई लेथ बंद करून बाहेर आला.

“हे काय उचलून आनलं बे?”

“बहिरमच्या जत्रेत फिरवू! दोरी बांधून गोल रिंगण करू. पोरं तुटून पडतील. तू थांब फक्त.”

वाईट वर्षांतही लोक जत्रेला येतात हो. घरी काही का असेना, लेकराला एक चक्कर हवीच असते.

त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. म्हणाला, “जत्रेच्या आधी ही चालली तर थांबतो. नाई चालली तर सुरत. मंजूर?”

“मंजूर!”

महिनाभर आम्ही पोरांसारखे खपलो. सांगाड्याला रंग दिला, एक्सल सरळ केला, इंजिन उघडून बसवलं. पहिल्या झटक्यात सुरू! राहिला फक्त क्लच. या गाडीचा क्लच पायाने दाबायचा नसतो. इंजिनचा वेग वाढला की आतले लायनर, म्हणजे घर्षणाच्या पट्ट्या, आपोआप बाहेर फाकतात, ड्रमला घट्ट धरतात आणि गाडी पळते. इस्माईलभाईने लायनर स्वतः घडवले. बसवताना बजावलं, “वसंता, हा कोरडा क्लच आहे. याले तेल चालत नाई. तेल लागलं का घसरला.”

मी म्हटलं, “मले शिकवतं का बे? मी काय आज आलो?”

संध्याकाळी गाडी फिरवली. काय पळाली म्हणता! रस्त्यावरची कुत्री मागे राहिली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी अख्खं मार्केट गोळा केलं. रुबाबात बसलो, रेस दिली. इंजिन बोंबललं, आणि गाडी? जागची हलेना! क्लचमधून धूर, जळका वास आणि भोवती हसणारी गर्दी.

उघडलं, पुसलं, इस्माईलभाईने लायनर बदलले. संध्याकाळी पळाली. सकाळी घसरली.

स्प्रिंगा बदलल्या. संध्याकाळी पळाली, सकाळी घसरली.

ड्रम रेगमालच्या कागदाने घासला. ब्रेक चिकटतो का पाहिलं, चेन घट्ट आहे का पाहिलं. तेच! संध्याकाळी हरणासारखी, सकाळी रुसलेल्या म्हशीसारखी. मी म्हटलं थंडी बाधते, तर गाडीला गोधडी घातली. हो, घातली! आमच्या घरची. बायको म्हणाली, “आवो, आता काढा पन पाजा तिले.”

इस्माईलभाई एकदा लायनर हुंगून म्हणाला, “वसंता, यात तेल येऊन राहिलं कुठून तरी.”

मी उखडलोच. “तेल? मीनं थेंब लावला नाई! अल्लाची कसम खा, तूनं लायनरले माल कोनता वापरला?”

जत्रेला आठ दिवस उरले होते. चहाच्या टपरीवर चारचौघांत माझा तोल गेला. म्हणालो, “इस्माईलभाई, तुले सुरतले जायचंच आहे ना? म्हनून मुद्दाम कच्चा माल लावून राहिला तू! नाई तर तुह्या हातात आता काही राहिलं नाई, एवढं तरी कबूल कर!”

त्याने चहा अर्धा ठेवला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं, झाडलं, उदबत्ती लावली. तो त्या दिवशी लवकर आला होता, दारात उभा राहून बघत होता. मला वाटलं, माफी मागायला आला असेल. माझी हिंमत बघा, मी माफीची वाट बघत होतो!

त्याने लेथ विकला. अचलपूरचे लोक येऊन ट्रॅक्टरवर घालून घेऊन गेले. जाण्याआधी शेवटचं काम म्हणून त्याने नवे लायनर बसवले. मग म्हणाला, “एक चीज नेतो. आठवन म्हनून.” आणि माझी तेलाची कुपी उचलली. लांब नळीची, पितळी, माझ्या बापाची!

मी म्हटलं, “ने. तेवढं कायले ठेवतं?”

त्याला निरोप द्यायला मी एसटी स्टँडवर गेलो नाही. आज बोलताना लाज वाटते, पण गेलो नाही.

आणि पुढचं ऐका! दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली, तर सुसाट! तिसऱ्या दिवशी सुसाट, चौथ्या दिवशीही सुसाट! मी टपरीवर जाऊन टेबलावर हात आपटला. “पाहा! इस्माईल गेला आन् गाडी चालली! सगळा दोष त्याच्या हातात होता!” लोकांनी माना डोलावल्या. मला इतका आनंद झाला, की मी स्वतःच सगळ्यांना भजी खाऊ घातली.

बहिरमला रिंगण मांडलं. पहिले तीन दिवस रांगा लागल्या. मनात म्हटलं, धंदा उभा राहिला, आता रीतीने करू. आमच्या बापाने घालून दिलेली एक रीत आहे. सकाळी काम सुरू करण्याआधी दुकानातल्या प्रत्येक यंत्रासमोर उदबत्ती ओवाळायची, हात जोडायचे आणि त्याच्या फिरत्या भागाला तेल द्यायचं. यंत्राने दिवसभर उपाशी राबू नये म्हणून. लेथला, ग्राइंडरला, ड्रिलला, दारात जे उभं असेल त्याला. तीस वर्षं चुकवलं नाही; इस्माईलभाई यायचा तोवर हे उरकलेलं असायचं. कुपी गेली तेव्हापासून नुसता नमस्कार चालला होता, ते मनाला लागत होतं. चौथ्या दिवशी परतवाड्याहून नवी कोरी कुपी आणली. उदबत्ती लावली, डोळे मिटले आणि क्लचच्या ड्रमवर भक्तिभावाने धार सोडली.

पहिलं गिऱ्हाईक एक चिमुरडी. बसली, रेस दिली. इंजिन बोंबललं. गाडी जागची हलेना. धूर. जळका वास.

माझ्या हातात कुपी तशीच होती.

देवा शप्पथ, तोपर्यंत ते तेल आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! ती पूजा होती ना! पूजेच्या तेलाने कधी क्लच घसरतो का? रोज संध्याकाळी इस्माईलभाई क्लच पुसून कोरडा करायचा आणि रोज सकाळी मी हात जोडून भिजवायचो. आणि भर टपरीत त्यालाच बेइमान म्हणालो. माझ्यासाठी महिनाभर थांबलेल्या माणसाला.

चिमुरडीला तिची चक्कर न देताच उतरवलं आणि सुरतला फोन लावला. त्याने उचलला. मागे मशीन चालल्याचा आवाज.

मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, “नवी कुपी घेतली ना बे?”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हटलं, “तुले मालूम होतं, तं तवाच कावून नाई सांगतलं?”

“त्या दिवशी सकाळी दारातून पाह्यलं तवा मालूम झालं. पन आदल्या दिवशी तू चारचौघांत बोलून गेला होता. मंग काय सांगू?”

“वापस ये, इस्माईलभाई.”

“लेथ गेला ना, वसंता. आता येऊन काय करू?” मग त्याने विचारलं, “केवढी आनली कुपी?”

एकोणीस वर्षांच्या दोस्ताशी आता तरी खोटं कशाला बोलू?

“पयलीपेक्षा मोठी,” मी म्हटलं.