तुलनेसाठी ठेवलेली बारा पोरं

आवडाबाईंना शाळेत सगळे मावशी म्हणतात. गारखेड्यात विशेष मुलांची एक लहानशी शाळा आहे, तिथं त्या बावीस वर्षं मदतनीस आहेत. मदतनीस म्हणजे मुलांना रिक्षातून उतरवून घ्यायचं, भरवायचं, शी-शू काढायची, आणि जे पोर एका जागी बसत नाही त्याला मांडीवर धरून बसायचं. माहेर लासूर स्टेशनचं, शिक्षण सातवी, राहायला मुकुंदवाडीत. कुठलं पोर कुकरच्या शिट्टीला घाबरतं आणि कुठलं कान चोळले की शांत होतं, हे त्यांना विचारावं. पण विचारतो कोण? पाहुणे आले की मुख्याध्यापक हेमचंद्र सर सगळ्या शिक्षकांची ओळख करून देतात आणि मावशींना चहा टाकायला सांगतात.

गेल्या वर्षी जूनमध्ये कालिंदी मॅडम आल्या. पीएचडी करत होत्या. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. पोरांसाठी काही करावं असं तिला मनापासून वाटत होतं. विषय होता, न बोलणाऱ्या मुलांना चित्रांच्या कार्डांवरून मागायला शिकवणं. तहान लागली की ग्लासाचं कार्ड उचलायचं, समोरच्याच्या हातात द्यायचं, की पाणी मिळतं. त्यासाठी संस्थेनं प्रेरणा नावाची, ही पद्धत शिकलेली शिक्षिका वर्षभरासाठी नेमली. पुढं तिचा वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे मॅडमच्या निष्कर्षावर ठरणार होतं.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी चोवीस मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या आणि मावशींना बोलावलं. "बारा चिठ्ठ्या काढा मावशी. तुम्ही काढल्या म्हणजे कुणी बोट दाखवायला नको." मावशी हरखल्या. पदराला हात पुसून त्यांनी एकेक करून बारा चिठ्ठ्या काढल्या. त्यांना वाटलं, कुणाचा नंबर आधी लागणार ते ठरतंय.

तसं नव्हतं. चिठ्ठी निघालेली बारा पोरं रोज प्रेरणाच्या खोलीत जाऊ लागली. डब्यात राहिलेल्या बारांना वर्षभर काही शिकवायचं नव्हतं. त्यांची फक्त दर महिन्याला तपासणी. मॅडम समोर घड्याळ ठेवून बसायच्या, पोर किती वेळा किंचाळलं, किती वेळा स्वतःला मारून घेतलं, त्याच्या खुणा करायच्या आणि उठून जायच्या.

राहिलेल्यांत संस्कृती होती. सहा वर्षांची, वाळूजला कंपनीत कामाला जाणाऱ्या गोकुळची मुलगी. तिला बोलता येत नाही. काही हवं असलं की ती स्वतःचं मनगट चावायची. चावून चावून तिथं घट्टा पडला होता. एका दुपारी ती अशीच चावत होती आणि मॅडम खुणा करत होत्या. मावशी पाण्याचा ग्लास घेऊन धावल्या, तर मॅडमनी हात आडवा केला.

"दहा मिनिटं पूर्ण होऊ द्या, मावशी."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तपासणी संपल्यावर त्यांनी मॅडमना दारातच गाठलं.

"मॅडम, ही बारा लेकरं नुस्ती मोजायला ठिवलीत व्हय?"

"तुलनेसाठी लागतात मावशी. काहींना शिकवलं नाही, तर शिकवण्यानं फरक पडतो हे कळणार कसं? वर्ष झालं की त्यांनाही शिकवणारच आहोत."

"वरीसभर मनगट चावू द्यायचं? एका घरात दोन पोरी असल्या, तर एकीला जेवाया वाढायचं अन् दुसरीचं नुस्तं वजन करायचं, असं असतंय का कुठं?"

मॅडमनी समजावून सांगितलं, जगभर असंच करतात. असतीलही करत. मावशींना एवढंच कळलं की त्या बारांना आपल्याच हातानं डब्यात ठेवलं. 

आता गंमत बघा. प्रेरणाच्या खोलीत न बसणाऱ्या पोरांना मांडीवर धरायला मावशीच असायच्या. कार्ड कधी पुढं करायचं, हात कधी धरायचा, कधी सोडायचा, सगळं त्या रोज बघत होत्या. मदतनीस बघते आणि शिकते, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मावशींनी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापल्या. बिस्किटाच्या पुड्यावरचं चित्र, कॅलेंडरातलं केळं, पुस्तकातला ग्लास, असं एकेक खळीनं चिकटवलं. शाळा सुटल्यावर रिक्षा येईपर्यंत पाऊण तास पोरं मागच्या व्हरांड्यात असतात. तिथं राहिलेल्या बारा पोरांसाठी त्यांचा वर्ग सुरू झाला. शिक्षक तोवर गाडीला किक मारून गेलेले असत.

सव्वीस दिवस संस्कृतीनं कार्ड फेकून दिलं. सत्ताविसाव्या दिवशी तिनं ग्लासाचं कार्ड उचललं आणि मावशींच्या तळहातावर ठेवलं. मावशींनी पाणी पाजलं. तिनं लगेच पुन्हा कार्ड ठेवलं. पाच वेळा पाणी प्याली ती, तहान नसताना, नुसतं मागितलं की मिळतं म्हणून. मावशी ओक्साबोक्शी रडल्या. दुसऱ्या दिवशी कार्डांचा एक संच त्यांनी रिक्षातून गोकुळच्या घरी पाठवला. गोकुळला वाटलं, हेच ते संशोधन.

मार्च सरता सरता पालकांसमोर निष्कर्ष मांडायचा कार्यक्रम झाला. मावशी मागं चहाचा ट्रे धरून उभ्या होत्या. मॅडमनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. "दोन्ही गटांत सारखीच सुधारणा आहे. म्हणजे ती वाढत्या वयामुळे झाली असावी. कार्डांचा वेगळा परिणाम सिद्ध होत नाही."

संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब म्हणाले, "मग पुढच्या वर्षी हा वर्ग नको."

 गप्प बसलं तर वर्ग जाणार, बोललं तर बावीस वर्षांची नोकरी. मावशींनी ट्रे खाली ठेवला.

"परिणाम लई झालाय, साहेब. त्या बाराला म्या शिकवलंय. रोज, मागच्या व्हरांड्यात."

 मॅडम मावशींकडे वळल्या. "मावशी, तुम्ही माझं वर्षभराचं काम मातीत घातलंत!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेही खोटं नव्हतं.

गोकुळ उठला. "मॅडम, आमची पोरगी कोणत्या गटात व्हती?"

"तुलनेच्या."

"म्हंजे तिला काहीच शिकवायचं नव्हतं?"

"फॉर्ममध्ये लिहिलं होतं. तुमची सही आहे."

"फॉर्म इंग्रजीत व्हता. तुम्ही म्हणला, पोरीच्या भल्याचं हाये, सही करा."

मग एक आई उठली, तिच्यामागं आणखी एक. माझा कोणत्या गटात, माझी कोणत्या. मॅडमना यादी उघडून एकेक नाव वाचावं लागलं. वर्ग चालू राहील असं काकासाहेबांकडून लिहून घेतल्याशिवाय पालक जागचे हलले नाहीत.

पालकांना फसवून सह्या घेतल्या, त्याबद्दल कुणालाही जाब विचारला गेला नाही. नोटीस आली ती आवडाबाईंना. संशोधनात ढवळाढवळ केली, आपल्यावर कारवाई का करू नये, सात दिवसांत लेखी खुलासा द्या. त्यांनी शाळेच्या वहीतलं पान फाडून स्वतःच्या हातानं लिहिलं:

"बारा लेकरांना मागायला शिकवलं. कबूल आहे. हा गुन्हा असेल, तर माझा कागद पालकांच्या सभेत मोठ्यानं वाचा आणि मग मला काढा."

त्याला चार महिने झाले. तेव्हापासून शाळेनं पालकांची सभा घेतलेली नाही.