भाऊसाहेबांचा सरकारी पाय

आमच्या गावात तलाठी ऑफिसात आहे की नाही, हे रस्त्यावरूनच कळायचं. दाराच्या आत, भिंतीला टेकून, बुटासकट एक पाय उभा असला की भाऊसाहेब आहेत. बसून काम लांबलं की गुडघ्याखालचा तो खोटा पाय ते काढून ठेवत. नव्या माणसाची बोबडीच वळायची. "घाबरू नका," भाऊसाहेब मान वर न करता म्हणायचे, "त्यो सरकारी हाय. माझा हितं टेबलाखाली हाय." आधीच्या तलाठ्यांचे दोन्ही पाय शाबूत होते, पण ते पाय शोधत लोकांना संगमनेरपर्यंत हिंडावं लागे.

आमच्याकडे पलटणीतून परतलेला प्रत्येक जण मेजर आणि प्रत्येक तलाठी भाऊसाहेब. हे दोन्ही होते, म्हणून गावाने त्यांना मेजर भाऊसाहेब करून टाकलं. खरं तर पलटणीत त्यांचा हुद्दा नायकाचा होता. युद्धात सुरुंगावर पाय पडला, पलटण सुटली आणि माजी सैनिकांसाठी राखीव जागेतून ही नोकरी लागली. मेजर म्हटलेलं त्यांना अजिबात खपत नसे. "आमच्या मेजरसायबांना आमी खांद्यावर घालून डोंगरावरनं खाली आनलं. वाचले न्हाईत ते. त्यांचा हुद्दा मला लावू नका." गावाने कधी ऐकलं नाही. पंधरा ऑगस्टला हार घालायला मेजर बरा दिसतो ना!

पंचनामा बसून करायचा नाही, ही त्यांची खोड. गारपीट झाली की बाकीचे कुणाच्या तरी ओट्यावर चहा पीत शेतं लिहून काढतात. हे प्रत्येक बांधावर जाणार. संध्याकाळी खोट्या पायाचे पट्टे सोडायचे तेव्हा गुडघ्याखाली उरलेला खुंट सोलून लाल झालेला असायचा. "जागंवर गेल्याबिगर सही न्हाई," एवढंच म्हणायचे आणि त्यावर फुंकर घालत बसायचे.

आमच्या डाळिंबाच्या बागेला जाणारी वाट तात्यांच्या शेतातून जाते. तात्या म्हणजे गावचे पुढारी. त्यांच्यापुढे कुणी ब्र काढत नाही. अब्बा वारल्यावर शेती अम्मी एकटी बघू लागली, तेव्हा तात्यांनी ती वाट नांगरून तिच्यावर ऊस लावला. टेम्पो बागेपर्यंत येईना. डाळिंबं झाडावरच तडकू लागली. अम्मीने तहसीलला अर्ज केला आणि भाऊसाहेबांना स्थळपाहणीचा हुकूम आला. आदल्या दिवशी तात्यांचं चहाचं बोलावणं गेलं. भाऊसाहेब गेले नाहीत.

सकाळी आम्ही पोचलो तर वाटेच्या जागेत घोट्याच्या वर चिखल. उसाला तेव्हा पाण्याची पाळीही नव्हती. ते पाणी एका माणसाच्या एका पायासाठी सोडलं होतं. भाऊसाहेब तरीही उतरले. थोडं पुढे गेले आणि पाय रुतला, पट्टा तुटला, ते तोंडावर पडले. बांधावर तात्यांची माणसं मोबाईल धरून उभी होती. हसत होती. अम्मी धावली.

"पाय उपटू का, भाऊसाहेब?"

"ऱ्हाऊ द्या, भाभी. आधी लिहून घेऊ."

अम्मीच्या खांद्याला धरून, एका पायावर उभं राहून त्यांनी सोबत आलेल्या कोतवालाला मजकूर सांगितला: "नकाशावरील रस्ता ज्या ठिकाणी आहे, त्याच ठिकाणी तलाठ्याचा पाय रुतलेला आहे. पाणी ताजे आहे." मग तसंच, तिच्या आधाराने, एका पायावर लंगडत वाटेच्या शेवटापर्यंत गेले.

दुपारी तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर आला. सव्वीस जानेवारीला सॅल्यूट पाठवणाऱ्या त्याच बोटांनी हसरे चेहरे पाठवले. 'हे बरोबर नाही' एवढंसुद्धा एकाने लिहिलं नाही. ती नावं मला पाठ आहेत.

त्या पंचनाम्यावरून तहसीलचा हुकूम निघाला आणि रस्ता खुला झाला. टेम्पो बागेत गेला. आणि भाऊसाहेबांची बदली झाली अकोले तालुक्याच्या डोंगरात, जिथे एक वाडी एका टेकडीवर तर दुसरी दुसऱ्या टेकडीवर. म्हणे प्रशासकीय कारण. निरोपाला अम्मी रडली तर तिलाच म्हणाले, "रडू नका, भाभी. रस्त्याची वहिवाट मोडू देऊ नका. काम असो नसो, रोज एक चक्कर मारा. कागुद झाला तरी पायाखाली नसलेली वाट लोक परत नांगरतात."

तिकडेही ते बसून पंचनामे करणार नव्हतेच. खुंटाची जखम चिघळली, विष अंगात भिनलं, आणि नगरच्या दवाखान्यात ते वारले.

गावाने शोकसभा घेतली. अध्यक्ष तात्या. डोळे पुसत म्हणाले, त्या रस्त्याला मेजरांचं नाव देऊ. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! बायकांतून अम्मी उठली. "नाव द्या, तात्या. पन फलकावर हेबी लिहा, त्यांच्या वाटंत पानी कोनी सोडलं हुतं."

मागून कुणीतरी म्हणालं, "भाभी, आज नको." मग कधी?

फलक लागला आहे. भाऊसाहेबांचं नाव वर, आणि खाली त्याहून मोठ्या अक्षरांत, फोटोसकट, तात्यांचं. अम्मी रोज त्याच्यासमोरून जाते, बागेत काही काम नसलं तरी. तिचे गुडघे आता बोलू लागलेत. ज्या दिवशी तिला जमणार नाही, त्या दिवसापासून मी जाणार आहे. अजून माझा राग गेलेला नाही, आणि तो जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.