गोमतीबाईंचे आठ इंच

बत्तीस वर्षं मी एसटी चालवली. वाशीम, अकोला, हिंगोली, पुसद, कुठल्या रस्त्यावर कुठे खड्डा आहे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन. त्यामुळे चाकांबद्दल मला कोणी शहाणपणा शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. रिटायर झाल्यापासून माझ्या दुपारी दौलतसिंगच्या टायरच्या दुकानात जातात. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या मालेगावातून मेडशीकडे निघालं की डाव्या हाताला टिनाचं शेड लागतं, तेच. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं मालक मीच, कारण बोलतो मी आणि काम करतो तो.

दौलतसिंग मेडशीच्या बाजूच्या एका तांड्यावरचा. तो आणि त्याची बायको गोमतीबाई अठरा वर्षं दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. तिकडे नवराबायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. कारखान्याच्या अड्ड्यावर ऊस ओढणाऱ्या बैलगाड्यांची टायरं फुटायची, ती काढताना-घालताना पाहून तो पंक्चर काढायला शिकला. पुढे परत येऊन हे दुकान टाकलं आणि नाल्यापलीकडचं तीन एकर शेत घेतलं. शेत गोमतीबाईंच्या नावावर. नुसतं सातबाऱ्यावर नव्हे. तो दुकानात बसायचा आणि शेत खरोखर त्याच करायच्या. पेरा कधी, फवारा कधी, कुठल्या बाईला निंदणाला बोलवायचं आणि कोणाला नाही, सगळं त्यांच्या हातात.

मग त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पण शुगर काही खाली येईना, म्हणून ते लांबत गेलं. शेत तांड्यापासून दीड किलोमीटर. मोटारसायकलवर त्यांना बसता येईना. एकदा बैलगाडीत दोघा पुतण्यांनी उचलून ठेवलं, तर त्या वाटभर रडल्या. दुखत होतं म्हणून नाही, लाजेनं. परत आल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, मी काही पोतं नाही, आता मला कोणी उचलायचं नाही. आपल्या पायानं चढता आलं तरच शेतात येईन. त्यानंतर तीन वर्षं त्यांनी शेत पाहिलं नाही. रोज संध्याकाळी दौलतसिंग बाजेशेजारी बसून शेताची हकिगत सांगायचा आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या.

त्याचा भाचा सेवालाल पुण्याकडे गोल्फच्या मैदानावर माळी आहे. मोठी माणसं काठीनं चेंडू मारतात आणि गाडीत बसून तो शोधायला जातात, असं त्यानं आम्हाला समजावलं. व्यायामाला जातात की बसायला, असं मी विचारलं, त्यावर तो फोनवर नुसता हसला. त्या मैदानावरची एक जुनी बॅटरीची गाडी विकायला निघाली होती. मामीसाठी त्यानं ती घेतली आणि हरभरा भरायला वाशीमला येणाऱ्या एका ट्रकमध्ये चढवून दिली.

गाडी मोठी गोड होती, हे कबूल करतो. पांढरी, वर छत, दोन माणसांची सीट, दारं नाहीत. चाकं बुटकी आणि रुंद, टायरं जवळजवळ गुळगुळीत, कारण मैदानावरच्या हिरवळीला ओरखडा उमटू नये. पण पहिला पाऊस पडल्यावर आम्ही ती शेताच्या वाटेला घातली आणि पन्नास पावलांवर ती बसली. आपली काळी माती ती. चाकाला चिकटली की सोडत नाही. चारही चाकांचे चिखलाचे गोळे झाले आणि गाडीचं पोट जमिनीला टेकलं.

इथं मी अक्कल पाजळली. म्हटलं, दौलतसिंग, गाडी उंच कर. ट्रॅक्टर कसा चालतो चिखलातून? चाक मोठं, पोट वर. त्यालाही ते पटलं, कारण त्याचाही सगळा जन्म ट्रॅक्टर आणि ट्रॉल्यांत गेलेला.

दोन महिने आम्हाला दुसरं काही सुचलं नाही. ऑटोची चाकं लावून पाहिली, तर भोकं जुळेनात. छोट्या टेम्पोची चाकं बसली, पण वळण घेतलं की टायर बॉडीला घासायचं. चाक वाढवलं की गाडीही वर उचलावी लागते, नाहीतर खड्ड्यात आपटली की टायर फाटतं. शेवटी आम्ही पॉवर टिलरची खोल खाचांची टायरं निवडली, आणि वाशीमच्या फुलचंद लेथवाल्याकडून स्प्रिंगच्या पाट्यांखाली घालायला लोखंडी ठोकळे करून आणले. ठोकळ्यांनी पाच इंच, चाकांनी दोन. बसायच्या जागेपुढचा पत्रा जमिनीपासून अकरा इंचांवर होता, तो अठरावर गेला. नव्या बॅटऱ्या घातल्या. भादव्यात आम्ही भर चिखलातून नाला पार केला. मी गावभर सांगत सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी त्याच्या दारात उभी केली. चढायला म्हणून दौलतसिंगनं रात्रभर खपून दोन पायऱ्यांची लोखंडी शिडी वेल्ड केली होती, तिला पिवळा रंगही दिला होता. गोमतीबाई भिंत धरत बाहेर आल्या. ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या, केस नीट विंचरलेले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग शिडीकडे. शिडीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. डावा पाय पहिल्या पायरीवर ठेवला, तसाच खाली घेतला, आणि मला यायचं नाही म्हणून आत वळल्या.

आम्हाला वाटलं भीती वाटली असेल. दौलतसिंग म्हणाला मी हात देतो, मी म्हटलं वहिनी, मागून मी आहे ना. आम्ही दोघं त्यांच्यामागे घरात शिरलो, वकिलांसारखे बाजू मांडत. त्या बाजेवर बसल्या होत्या. त्यांच्या घरात एरवी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली बोलतात, पण मला कळावं म्हणून की काय, त्या दिवशी त्या वऱ्हाडीतच बोलल्या.

"अठरा वर्सं मी शिडीच चढली. डोक्शावर उसाची मोळी घेऊन ट्रकवर. एक दिवस दव पडलं होतं, पाय घसरला. मोळी एकीकडं पडली, मी एकीकडं. ट्रकवाला हॉर्न वाजवून राह्यला होता." मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुमी पयले मोळी उचलली."

दौलतसिंग तिथंच दाराशी खाली बसला.

"तवाचाच हा गुडगा हाय. मी कधी म्हटलं नाई, आताही म्हनत नाई. पन माह्यासमोर शिडी नका लावू."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी चपला घातल्या आणि मुकाट्यानं बाहेर पडलो. वाटेत मला माझी एसटी आठवली. म्हाताऱ्या बाया दारातली उंच पायरी चढताना धडपडायच्या, दांडा धरून लोंबकळायच्या, आणि मी गिअरवर हात ठेवून हॉर्न वाजवत असायचो. बत्तीस वर्षांत एकदाही मान वळवून मी पाहिलं नाही कोणाचा पाय किती उचलतो ते. गाडी उंच कर म्हणणारा मीच. चाकाचं माप घेतलं, पाट्याचं घेतलं, नाल्याच्या चिखलात काठी खुपसून त्याचंही घेतलं. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तिचं माप घ्यायचं आम्हा दोघा शहाण्यांना सुचलं नाही. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

चार दिवस दुकान बंद होतं. पाचव्या दिवशी दौलतसिंग माझ्या घरी आला आणि चला म्हणाला. त्याच्या खिशात खडू आणि टेप होता. घरी गोमतीबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. त्यांना त्यानं आधीच काय ते सांगितलेलं दिसलं. खडू त्यानं माझ्या हातात दिला, स्वतः त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला आणि टाच तळहातावर घेतली.

त्यांनी पाय झटकन मागे घेतला. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायची आपल्याकडे रीत नाही, आणि तेही परक्या माणसासमोर.

"पाय नका धरू. पाप लागते मले. भाऊ पाहून राह्यले."

"पाहू दे," दौलतसिंग म्हणाला. "जलमभर चाकापाशी बसूनच खाल्लं मी. तुह्या पायापाशी बसलो तं कायचं पाप? उचल. दुखेपरेंत नको उचलू. दुखाच्या आधीच थांब."

त्यांनी पाय उचलला. जिथं थांबल्या तिथं मी चौकटीवर खडूनं रेघ मारली. डावा पाय तीनदा, उजवा तीनदा. रेघ मारताना मी दोघांच्याही तोंडाकडे पाहिलं नाही. टेप लावला. आठ इंच.

म्हणजे गाडी पुण्याहून आली तेव्हाच तीन इंच जास्त उंच होती, आणि आम्ही तिच्यावर आणखी सात चढवून बसलो होतो.

मग उलटं काम सुरू झालं. ठोकळे काढले, टिलरची टायरं उतरवली. मूळच्या चाकांपेक्षाही बुटकी चाकं शोधली, त्यानं एक इंच गेला. पाट्यांच्या जोडातली एक-एक पाती कमी केली, दुसरा इंच गेला. सगळी दुनिया गाड्या वर उचलायला येते आणि तुम्ही जमिनीत गाडायला निघालात, असं फुलचंद म्हणाला. त्याला हसू द्यावं लागलं. नऊ इंचांवर आल्यावर आणखी खाली जाता येईना. आता गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम दोन बोटं. अशी गाडी आपल्या वाटेवर दर दगडाला आपटणार, हे सांगायला एसटीचा ड्रायव्हर लागत नाही. दौलतसिंगलाही ते ठाऊक होतं. तो म्हणाला, गाडी जेवढी खाली आली तेवढी वाट वर आणू.

सोयाबीनची काढणी आटोपली आणि वाट सुकली तसा तो लागला. नाल्याच्या उतारात सिमेंटचे पाइप टाकले, त्यावर ट्रॉलीनं मुरूम आणून पसरला, वाटेतले दगड पहारीनं उपटले. सकाळी वाट, दुपारनंतर दुकान. तांड्यावरची माणसं येताजाता थट्टा करायची की बायकोसाठी हायवे बांधून राह्यला. तो हसायचा आणि घमेलं उचलायचा. मीही जमेल तेवढा मुरूम ओढला. माझ्या कंबरेनं त्याचा सूद नंतर वसूल केला. टायरांत हवा मुद्दाम कमी ठेवली, म्हणजे रुंद चाक मुरुमात रुतत नाही आणि हिसके कमी बसतात. शेवटी घराच्या दारात आणि शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, मुरूम ठोकून दोन इंचांचा एकेक ओटा केला. नवातून दोन गेले, राहिले सात. आठ इंच पाय उचलणाऱ्या बाईला सातच इंच द्यायचे, हा एक इंच मी हट्टानं मागून घेतला होता.

कार्तिकातल्या एका सकाळी गोमतीबाई बाहेर आल्या. या वेळी घरातलंच लुगडं होतं. ओट्यावर उभ्या राहिल्या, छताचा पाइप धरला, पाय टाकला आणि बसल्या. एवढंच झालं. श्वास घेऊन सोडायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. दौलतसिंग शेजारी उभा होता, स्वतःचेच दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, चुकून पुढे जाऊ नयेत म्हणून.

गाडी माणसाच्या चालीनं गेली, मी मागून चालत. नाल्यावर आल्यावर त्यांनी खाली वाकून पाइप पाहिले. बांधावर त्या आपल्या पायानं उतरल्या. तूर कमरेच्या वर आलेली, पिवळ्या फुलांनी भरलेली. तुरीची ताटं धरत त्या एका ओळीत शिरल्या. दौलतसिंग मागे निघाला, तर मी त्याच्या दंडाला धरून थांबवलं. ओळीच्या मध्यावर त्या थांबल्या, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग तिथूनच त्यांचा आवाज आला, आणि तो बाजेवर पडून राहणाऱ्या बाईचा आवाज नव्हता.

"तुरीत गवत किती माजलं. धुऱ्यावर गाजरगवत. तीन वर्सं रोज सांगता मले, शेत आरशावानी हाय म्हनून."

"तुले बरं वाटावं म्हनून सांगे," दौलतसिंग म्हणाला.

"उद्यापासून चार बाया लावा निंदाले. कोनत्या लावाच्या ते मी सांगीन. अन् मले सकाळीच आना."

भर शेतात, माझ्यादेखत, दौलतसिंग मान खाली घालून बोलणी खात उभा होता. इतकी वर्षं मी त्याला ओळखतो, पण एवढा सुखात कधी पाहिला नव्हता. तो हो म्हणाला. मग बाहीनं तोंड पुसून पुन्हा एकदा हो म्हणाला.