सारवलेली भेग

भावाचा फोन आला तेव्हा मी माझ्या खानावळीत भाताचं पातेलं उतरवत होते. पावसानं कित्येक दिवस उघडीप दिली नव्हती. भाऊ म्हणाला, "आक्का, आपल्या झऱ्याला चहा आलाय. साखर तेवढी टाकायची ऱ्हायलीया." आणि स्वतःच हसला.

मला हसू आलं नाही. माझं माहेर पन्हाळ्याच्या पलीकडच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर. घरामागच्या झऱ्यावर मी लग्न होईपर्यंत पाणी भरलं. पावसात ओढा गढूळ होतो, झरा कधी होत नाही. त्याचं पाणी वरच्या जांभ्या दगडातून गाळून येतं. ते तांबडं झालं म्हणजे डोंगराच्या आत माती सुटली. यात विद्वत्ता काही नाही. नळाला एकाएकी माती आली तर पाइप कुठंतरी फुटला, हे कुणालाही कळतं.

दुसऱ्या दिवशी खानावळ पोळ्यावाल्या बाईवर सोपवली आणि मलकापूरच्या पहिल्या एसटीत बसले.

फाट्यावर उतरून ओढ्यावरचा साकवाचा पूल ओलांडला. पाणी साकवाच्या खाली हातभर होतं. वाडीतली बाकी सगळी घरं ओढ्याच्या अलीकडे. पलीकडे, डोंगराच्या अंगाला, आमचं एकट्याचंच घर. भाऊ गोठ्यात होता. म्हैस व्यायला झाली होती आणि तो तिच्या पाठीवरून हात फिरवत बसला होता.

"आलीस व्हय? झऱ्याचा चहा घेणार का दुधाचा?"

मी आधी झऱ्यावर गेले. पाणी तांबडं होतंच, पण धारही बारीक झाली होती. एवढा पाऊस कोसळतोय आणि झरा आटतोय. ते पाणी गेलं कुठं? डोंगराच्या आतच तुंबत असणार.

"वर जाऊन बघितलंस का?"

"बघितलं की. जरा भेग पडलीया. लिंपून टाकली."

आमच्या घराच्या भिंती मातीच्या. दर पावसाळ्यात त्यांना भेगा पडतात. मग मुरूम ठासायचा, वर शेणमातीचा हात फिरवायचा आणि विसरून जायचं. भावानं डोंगरालाही तोच उपाय केला होता. आत पाणी मुरू नये, एवढाच त्याचा विचार, आणि तो वेडगळ नव्हता. फक्त डोंगर म्हणजे घराची भिंत नव्हे.

मी त्याला वर घेऊन गेले. भेग विळ्यासारखी वाकडी, दोन्ही टोकं खाली आमच्या घराकडे वळलेली. तिच्यावर खताची रिकामी पोती शिवून अंथरली होती आणि पोत्यांवर दगड ठेवले होते. काम नीटनेटकं होतं. मी एक पोतं उचललं. खाली भावजयीच्या बोटांचे फराटे उमटलेलं सारवण होतं आणि ते मधोमध फाटलं होतं.

"लिंपलं कधी?"

"काल सांजच्याला."

"वाळलंय का?"

"ह्या पावसात? बोट रुततंय अजून."

"मग तडकलं कशानं?"

वाळताना सारवण आकसतं आणि तडकतं. ओलं सारवण आपण होऊन फाटत नाही. त्याच्या खालचं काहीतरी सरकलं तरच फाटतं. मी भेगेवरून आडवा हात फिरवला. वरच्या काठावरून तळहात खाली आपटला. खालचा काठ चांगला चार बोटं दबला होता.

"कुणाच्या तरी पायाखाली आलं असंल," भाऊ म्हणाला.

पाठोपाठ भावजय डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन चढून आली होती. ती म्हणाली, "तिसऱ्यांदा लिंपलंय न्हवं हे! दर खेपंला फाटतंय. आणि वन्सं, हे मला म्हणत्यात, तुझं शेणच पातळ."

आम्ही तिघंही खाली बघत होतो. भेगेच्या बरोब्बर खाली गोठा, गोठ्याला लागून घर. घरात ही दोघं, गोठ्यात म्हैस.

"आत्ताच्या आत्ता खाली चला," मी म्हणाले.

"म्हस न्हेऊ कशी? वाट बघितलीस का? घसरली तर पोटातल्यासकट जाईल. ती विऊ दे, मग बघू."

"तवर डोंगर थांबंल व्हय?"

"डोंगर काय आजचा हाय? पणजोबापासनं हाय तिथंच हाय की!"

त्याची भीती खोटी नव्हती. उतार तीव्र होता, वाट शेवाळली होती आणि भरल्या दिवसांची म्हैस पडली तर पुन्हा उठत नाही. तिच्यावर त्याचा जीव होता. पण तो तिथंच बसला असता तर तोही गेला असता, आणि त्याला सोडून भावजय हलली नसती. हे मला दिसत होतं.

भावजय उतरून गोठ्यात गेली आणि तिनं म्हशीचं दावं सोडलं. "मी चाललो म्हस घिऊन. तुमी न् तुमचा डोंगर बसा बोलत."

मग तो धावला.

मी पुढं झाले. गोठ्यातली भाताची पिंजर वाटेवर टाकत गेले, म्हशीचे खूर धरावेत म्हणून. पिंजर संपली तेव्हा भेगेवरची पोती ओढून आणून अंथरली. भावजयीनं दावं धरलं. भाऊ उताराच्या बाजूनं म्हशीच्या पोटाला खांदा लावून चालला. ती घसरली असती तर त्याच्याच अंगावर. मी ओरडले, "बाजूला हो!" त्यानं ऐकलं नाही. म्हैस एक पाय टाकायची, थरथरायची, मग दुसरा.

साकवाशी येऊन ती अडली. पाणी आता साकवाला घासत होतं. कान मागं टाकून तिनं चारी पाय रोवले. तिला कळा सुरू झाल्या होत्या. दावं ओढून उपयोग नव्हता. भावानं डोक्याचा टॉवेल काढून तिच्या डोळ्यांवर बांधला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीबाही बोलत राहिला. काय बोलला कोण जाणे. ती आली.

साकव उतरल्यावर वाडीतलं पहिलंच घर चाचांचं. गाद्या भरणारं हे कुटुंब वाडीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. चाचा दारातूनच ओरडले, "या पावणं! ह्या खेपंला म्हशीला पण जेवायला आणलंसा व्हय?" तोवर त्यांनी आपली शेरडं एका कोपऱ्यात हाकलून गोठा मोकळाही केला होता.

हातात चहाचे कप होते तेव्हा आवाज आला. खडीचा डंपर रिकामा होतो तसा, फक्त तो थांबेना. आम्ही बाहेर आलो. घरामागचा फणस उभाच्या उभा, फांदीही न हलवता, खाली चालत येत होता. गोठ्याचं छप्पर एकदा वर उचललं गेलं आणि दिसेनासं झालं. घराची मागची भिंत गेली. समोरची उभी राहिली, दाराला कडी लावलेली. तांबड्या मातीचा ढिगारा अंगणाच्या कडेला येऊन थांबला.

भावजय चाचांच्या गोठ्यात गेली, कारण म्हशीला तिची गरज होती. रेडी झाली. धडधाकट.

पाऊस ओसरल्यावर मी पुन्हा गेले. ढिगाऱ्याचा माथा सपाट झाला होता, अंगणाएवढा, आणि त्यात जांभ्या दगडाचे भोकाभोकांचे तांबडे धोंडे रुतले होते. जांभा फक्त डोंगरमाथ्यावर असतो. आमच्या उंचीवर काळा पाषाण. मग आमच्या अंगणातला धुणं धुवायचा धोंडा जांभ्याचा कसा? लहानपणी मी त्याच्यावर गोधड्या आपटल्या होत्या, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तोही असाच कधीतरी खाली आला होता. अंगण, भाताची खाचरं, झरा, हे सगळं एका जुन्या ढासळण्यावर बसलेलं होतं. पणजोबांना उतारावर सपाट जागा मिळाली, त्यांनी घर बांधलं. ती सपाट कुणी केली, हे त्यांनी विचारलं नाही.

झरा आता खाली साकवाजवळ फुटला आहे. पाणी नितळ.

भाऊ नव्या मातीकडं बघत म्हणाला, "भात झकास ईल हितं."

"भात लाव. घर न्हाय."

"आणि गोठा?"

"म्हशीलाच इचारा की," भावजय म्हणाली.

घर आणि गोठा दोन्ही आता ओढ्याच्या अलीकडे, चाचांच्या शेजारी आहेत. उरलेल्या उताराच्या वरच्या अंगाला अजून एक बारीक चीर आहे. पाऊस लागला की भाऊ तिच्यावर मुद्दाम शेणमातीचा पट्टा ओढतो, वर पोतं टाकतो आणि रोज सकाळी पोतं उचलून बघतो. फाटलं तर चाचांच्या घरासकट सगळ्यांनी शाळेत राहायला जायचं, असं ठरलं आहे. बघून झालं की मला फोन येतो. मी भाताशी असते. तो एवढंच म्हणतो, "आक्का, सारवण सलग हाय."

मी पातेलं उतरवते.